मसणवहिनी

साप्पोरोत नव्यानं आलेल्या मराठी बाईला बाकीचे लोक भाजीचं दुकान दाखवायचे, पोस्ट दाखवायचे, कोणत्या वारी कोणता कचरा ठेवायचा ते समजावून सांगायचे. वानखडे वहिनी तिला आधी स्मशान दाखवायच्या. बेल वाजवून दारातूनच म्हणायच्या, "चाल गं, बूट घाल. आपल्या माणसांना भेटून येऊ." नवी बाई केस नीटनेटके करून निघायची, तिला वाटायचं, कुणाकडे तरी चहाला चाललोय. वीस मिनिटं चालल्यावर समोर थडग्यांच्या रांगा दिसायच्या.

हा नव्वदच्या दशकाच्या मधला काळ. जपानच्या उत्तरेकडच्या बेटावरच्या त्या शहरात आम्ही मोजून पाच मराठी घरं होतो. नवरे सगळे विद्यापीठातले. कुणी बर्फावर संशोधन करायचा, कुणी माशांवर, वानखडे सर मातीवर. आम्ही सगळ्यांनी मिळून वहिनींचं नाव मसणवहिनी ठेवलं होतं आणि ते पाठीमागे नव्हे, तोंडावर घ्यायचो. त्यांची काही तक्रार नव्हती. फोन उचलला की पलीकडून अमरावतीचा खणखणीत आवाज यायचा, "मी मसणवहिनी बोलून राहिली. चण्याची डाळ आली आहे गावाकडून, डबा घेऊन ये."

मला त्यांनी नेलं तेव्हा मे महिना होता. मी मार्चमध्ये आले होते आणि दोन महिने खिडकीतून बर्फाचं पाणी होताना बघत बसले होते. पुण्यात जपानीच्या तीन परीक्षा दिल्या होत्या, चांगल्या मार्कांनी; पण दुकानातल्या बाईनं तोंड उघडलं की माझी वाचा बसायची. स्मशानाच्या फाटकापाशी मी थबकले. आमच्या घरात बायकांनी तिकडे पाऊल टाकायचं नाही अशी रीत होती. माझे वडील गेले तेव्हासुद्धा मी गल्लीच्या टोकाशी थांबले होते. वहिनींना मी ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला तरी कुठं जाऊ देत होते? तिकडे अडवायला शंभर जण. इथं कोण अडवून राहिलं? ये आत." आणि पाण्याची बादली माझ्या हातात दिली.

ते स्मशान म्हणजे ती वस्ती वसवणाऱ्या पहिल्या लोकांचं. शंभरेक वर्षांपूर्वी सरकारनं दक्षिणेकडच्या प्रांतांतली गरीब कुटुंबं बोटींत घालून या बेटावर आणली आणि जंगलात सोडली. झाडं तोडा, शेतं करा, वेळ पडली तर बंदूकही उचला. आता तिथं जंगलही नव्हतं आणि शेतंही. चारी बाजूंनी घरं, एका कोपऱ्याला चोवीस तास उघडं असणारं दुकान आणि मध्ये उंच झाडांखाली हे काळेकरडे दगड. वहिनी जपानी बेधडक बोलायच्या, व्याकरणाला न जुमानता. पण वाचता मात्र एक अक्षर येत नव्हतं. तरीही प्रत्येक दगडाची माहिती तोंडपाठ. ऑगस्टमध्ये ओबोनला, म्हणजे तिकडच्या पितरांच्या दिवसांत, घरोघरची माणसं थडग्यांवर यायची, तेव्हा या सरळ जाऊन विचारायच्या, कुठले तुम्ही, हे तुमचे कोण. वर्षानुवर्षं असं गोळा केलेलं. "हे तोयामाकडले. हे तोकुशिमाकडले, यांच्यात नवरा आधी गेला, बाईनं एकटीनं शेत केलं. आणि ही बिचारी परत जाऊ, परत जाऊ करत पहिल्याच वर्षी गेली." मी दगडांवरची अक्षरं वाचून पडताळा घ्यायचे. गावांची नावं एकदाही चुकली नाहीत.

एकदा हातातला ब्रश थांबवून म्हणाल्या, "यांचे दगड तरी आहेत. यांच्या आधी जे इथं राहत होते ते आयनू लोक, त्यांचे कुठं आहेत?" मी तोपर्यंत तो विचारच केला नव्हता.

दगड धुण्याची त्यांची रीत ठरलेली होती. पाणी आधी पायथ्याशी, मग मध्यावर, शेवटी डोक्यावर. मी पहिल्या दिवशी घाईनं वरून बादली ओतायला गेले तर माझा हात धरला. "झोपलेल्या माणसाच्या तोंडावर असं पाणी मारतेस काय? आधी पाय भिजव, त्याला कळू दे कोणीतरी आलं म्हणून." अक्षरांच्या खाचांसाठी सरांचे जुने टूथब्रश असत. ज्यांच्याकडे ओबोनलासुद्धा कुणी फिरकत नसे, त्यांचे दगड आधी. नातेवाईक असलेल्यांचे नंतर, वेळ उरला तर.

सर्वपित्री अमावास्येला त्या भाताची मूद, वर दही आणि एक वडा घेऊन जायच्या. खरं तर फाटकावरच पाटी होती की अन्न ठेवून जाऊ नका, कावळे घाण करतात. पाटी मी वाचून दाखवली तेव्हा वहिनींना हसू आवरेना. "अवं बाप्पा, आपल्याकडे कावळ्याच्या मिनत्या करतात, दर्भाचा कावळा करून शिववतात. इथले कावळे पान ठेवायच्या आत शिवतात आणि हे लोक त्यांना हाकलतात!" स्मशानाला लागूनच ओकुदा-सान नावाचे ऐंशीच्या घरातले गृहस्थ राहायचे. पहिल्या वस्तीतल्याच कुटुंबाचे, जुने शेतकरी. झाडलोट तेच बघत. ते खराटा घेऊन धावत आले. वहिनींनी त्यांना आपल्या मोडक्या जपानीत समजावलं की कावळ्यानं खाल्लं म्हणजे गेलेल्या माणसाचं पोट भरलं. म्हाताऱ्यानं बराच वेळ विचार केला, वाकून नमस्कार केला आणि परत गेले. पुढच्या वर्षापासून त्या दिवशी वहिनी घरी जाईपर्यंत ते खराटा बाहेर काढत नसत.

हे वाचून कुणाला वाटेल की बाई जरा विक्षिप्त असणार, जिवंत माणसांत रमत नसणार. तसं मुळीच नव्हतं. आम्हा पाच घरांतली बाळंतपणं वहिनींच्या हाताखाली झाली. माझ्या मोठ्याच्या वेळी त्या दवाखान्यात माझ्यासोबत होत्या, नर्सला हातवारे करून काय काय सांगत होत्या. दहा दिवस रोज बर्फातून डबा आणला. डिंक कुठून पैदा केला देव जाणे, पण लाडू केले. आणि बाराव्या दिवशी बारशाला आल्या नाहीत. फोनवर म्हणाल्या, अंग कसकस करतंय. मला वाईट वाटलं. नंतर कळलं की कुणाच्याच बारशाला त्या कधी गेलेल्या नव्हत्या. दरवेळी काहीतरी निघायचंच.

त्या स्मशानाच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, कुंपणाला लागून, गुडघ्याएवढा एक दगड होता. अक्षरं पार झिजलेली, अंगावर शेवाळ. वहिनींचा तो पहिला. आल्यावर आधी तिकडे जायच्या, निघताना पुन्हा तिकडे. दुसऱ्यांच्या दगडांना नुसतं पाणी, याला वाटीभर दूध. आणि नोव्हेंबरात पहिला बर्फ पडायच्या बेतात असला की आपल्या जुन्या इरकलीचं टोपडं शिवून त्याला घालायच्या, हनुवटीखाली बांधतात तसे बंद बांधून. एप्रिलमध्ये बर्फ वितळला की भिजून फाटलेलं टोपडं काढून आणायच्या. तिकडे लहान मुलांच्या देवाला लाल कापड बांधतातच, म्हणून मला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. "हे कुणाचं तरी लेकरू आहे," त्या म्हणायच्या, "दगड बघ केवढासा आहे."

माझं तिसरं वर्ष चालू होतं तेव्हा सरांना अमरावतीच्या कॉलेजात जागा मिळाली. पंधरा वर्षांनी ते परत निघाले. ऑगस्टमधल्या एका दुपारी आम्ही दोघी त्या छोट्या दगडापाशी गवत उपटत होतो. वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "मला एक काम करून दे. तुला वाचता येतं, बोलता येतं. याचं नाव शोधून दे. मी बारा वर्षं याला लेकरू, लेकरू म्हणून राहिली. निघायच्या आधी एकदा नावानं हाक मारीन म्हणते."

मी म्हटलं, "अक्षरं गेलीत वहिनी, कसं सापडणार?"

मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना हातातलं गवत उपटणं चालूच होतं. जपानमधल्या त्यांच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांना मुलगी झाली होती. चार दिवस जगली. त्या दवाखान्यातच होत्या, तापानं फणफणलेल्या. सर आणि प्रयोगशाळेतला एक सहकारी असे दोघे जाऊन सगळं उरकून आले, राख समुद्रात सोडली. "कुठं सोडली ते मी विचारलं नाही. यांनी सांगितलं नाही. त्या दिवसापासून आजवर आमच्यात तो विषय निघाला नाही. आणि बाराव्याच्या आत गेली, म्हणून नाव नाही. मनात हाक मारायची म्हटलं तरी काय म्हणून मारू?" बारशाला न येणाऱ्या वहिनींवर मी किती दिवस रुसले होते ते आठवलं आणि माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी मी एकटी ओकुदा-सानांकडे गेले. त्यांनी मला आत बसवलं, बार्लीचा चहा दिला आणि कपाटातून आजोबांच्या हातचा स्मशानाचा नकाशा काढला. मी कोपऱ्यावर बोट ठेवलं. त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, "ही मात्सु. आमची घोडी."

मला वाटलं माझ्या जपानीचा घोटाळा होतोय. मी पुन्हा विचारलं. घोटाळा नव्हता. वस्तीतले पहिले बुंधे जमिनीतून ओढून काढले ते तिनं. मेली तेव्हा आजोबांनी तिला स्मशानाच्या कडेला पुरलं आणि वर दगड बसवला. मग मीच चाचरत विचारलं की मग ते टोपडं, ते दूध, हे तुम्ही इतकी वर्षं बघत होतात ना? ओकुदा-सान म्हणाले, "हो, सगळ्या आळीनं बघितलंय. आम्हाला वाटलं, भारतात घोड्यांसाठी असंच करत असतील. विचारणं बरं दिसलं नसतं." बारा वर्षं एका घोडीच्या दगडानं अमरावतीचं टोपडं घातलं आणि सगळ्या वस्तीनं सभ्यपणे मान डोलावली. एरवी हे मी कुणालाही हसत सांगितलं असतं. त्या दिवशी रस्त्यानं येताना मला रडू येत होतं.

माझा नवरा म्हणाला, "सांगू नकोस. दोन महिन्यांत निघताहेत त्या." मीही तोच सोपा रस्ता धरला. वहिनींना म्हटलं, "नाव मिळालं. मात्सु."

"मात्सु," त्यांनी दोनतीनदा म्हणून पाहिलं. "मुलगी होती?"

"हो."

"केवढी?"

"लहानच," मी म्हटलं. एवढं खोटं मी त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. त्यानंतरचे दोन महिने मी त्यांच्या नजरेला नजर देत नव्हते. काहीतरी कारण काढून स्मशानातला रविवार चुकवायचे.

ऑक्टोबरातल्या शेवटच्या रविवारी मात्र जावंच लागलं. वहिनी नवं टोपडं घेऊन आल्या होत्या, या वेळी पैठणीच्या काठाचं. त्या दगडाला पाणी घालत असतानाच ओकुदा-सान आले. काळा सूट, टाय, हातात गाजरांची जुडी. वहिनी परत चालल्या हे त्यांना कळलं होतं आणि घराण्याच्या वतीनं ते आभार मानायला आले होते. कमरेत पार वाकून ते बोलू लागले. बुंधे ओढून आमची जमीन मोकळी करणाऱ्या घोडीची, आमच्या मात्सुची, तुम्ही इतकी सेवा केलीत, आमच्या पोरांनीसुद्धा केली नसती. मी मध्ये उभी. भाषांतर करायचं काम माझं आणि मी एवढंच म्हटलं, आभार मानताहेत. पण वहिनी पंधरा वर्षं त्या देशात राहिल्या होत्या. घोड्याला जपानीत काय म्हणतात ते त्यांना कळत होतं. त्यांनी म्हाताऱ्याकडे बघितलं, गाजरांकडे बघितलं, मग माझ्याकडे वळल्या.

"घोडी होय गं?"

मी मान हलवली.

"तुला माहीत होतं?"

मी पुन्हा मान हलवली. मला वाटलं आता त्या मला काहीही बोलल्या तरी मी ऐकून घेईन.

त्या मटकन खाली बसल्या आणि हसायला लागल्या. अशा हसल्या की झाडावरचे कावळे उडाले. "अगं माय! बारा वर्षं मी घोडीला टोपडं घातलं! दूध पाजलं!" ओकुदा-सान गोंधळून तेही हसायला लागले. मग डोळे पुसत वहिनी म्हणाल्या, "बरं झालं पण. आमच्याकडे पोळ्याला बैलाच्या अंगावर झूल घालतात, शिंगं रंगवतात. माझे बाबा बैलाला आधी जेवू घालायचे, मग आम्हाला. जिनं यांची जमीन नांगरायजोगी केली तिला एक टोपडं जास्त झालं का? आणि तू तोंड पाडू नको. मी तुझ्या जागी असते तर मीपण नसतं सांगितलं."

मग त्यांनी ओकुदा-सानांना विचारायला सांगितलं की इथली लहान मुलं कुठं आहेत मग. म्हातारा गंभीर झाला. म्हणाला, पहिल्या हिवाळ्यात वस्तीतली बरीच मुलं गेली, त्यात आजोबांची दोन. तेव्हा दगड आणायची ऐपत नव्हती. लाकडी पाट्या लावल्या, त्या कुजल्या. नावं आजोबांना पाठ होती. ते गेले, नावंही गेली. घरात तेवढं घोडीचं नाव राहिलं.

मी हे शब्द न् शब्द मराठीत सांगितलं. या वेळी काही लपवलं नाही. वहिनी टोपड्याचे बंद बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "यांच्याकडे नावं हरवली. आम्ही तर ठेवलंच नाही." त्यांनी बंद सोडून माझ्याकडे बघितलं. "तू मला वहिनी म्हणतेस. म्हणजे तू तिची आत्या झालीस. नाव आत्यानंच ठेवायचं असतं. ठेव."

"वहिनी, मी कसं..."

"ठेव म्हणते ना. मी परवा जाऊन राहिली. पुन्हा कोण भेटणार आहे मला इथं?"

मला मुलगी झाली तर ठेवायचं म्हणून एक नाव मी शाळेपासून मनात जपलेलं होतं. दुसरं काही सुचलंच नाही. पण बारशाला नाव बाळाच्या कानात सांगतात. मी इकडेतिकडे बघितलं. वहिनींनी डोक्यावरचा रुमाल मागे सारला आणि आपला कान माझ्यापुढे केला. "हाच घे. माझ्यातूनच आली होती ती." मी वाकून त्यांच्या कानात सांगितलं, "केतकी." नाव ठेवणाऱ्या आत्याच्या पाठीत बुक्के घालायची पद्धत असते. तिथं घालायला दुसरं कोणी नव्हतं. वहिनींनीच माझ्या पाठीत चार बुक्के घातले, चांगले जोरात, आणि मग माझ्या गळ्यात पडून रडल्या. मीही रडले. ओकुदा-सान टोपी काढून शांतपणे बाजूला उभे होते. हीसुद्धा भारतातली रीत असेल असं त्यांना वाटलं असावं.

पैठणीचं टोपडं मात्सुलाच घातलं. दोन दिवसांनी वहिनी गेल्या. विमानतळावर सरांनी सगळ्यांचे निरोप घेतले, वहिनी मुलांच्या खाऊच्या पुड्या वाटत राहिल्या, मला वेगळं काही बोलल्या नाहीत.

त्यांच्यानंतर मी चार वर्षं त्या स्मशानात जात होते. नव्या आलेल्या दोन मुलींना घेऊन गेले, पाणी आधी पायथ्याशी घालायला शिकवलं. जपानी बोलायची माझी भीती कधी गेली ते कळलंही नाही. पुढे मला दुसराही मुलगाच झाला. नाव देऊन टाकल्याची चुटपुट एकदाही लागली नाही. माणसानं माणसाला धीट करायचं म्हणजे काय करायचं, ते मी वहिनींकडून शिकले, आणि ते त्यांना कधी सांगितलं नाही याची खंत मात्र आहे.

त्या गेल्यानंतरच्या मार्चमध्ये त्यांचं पत्र आलं. उन्हाळा आताच कडक आहे, घराला रंग द्यायचाय, सरांचं कॉलेजातली पोरं ऐकत नाहीत, असं बरंच काही होतं. शेवटी लिहिलं होतं, "यांना मी चार महिने काही बोलले नाही. मग एक दिवस जेवताना सगळं सांगितलं, घोडीचं आणि नावाचं. हे उठून गेले. दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं चूकच झाली माझी. काल संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसलो होतो. शेजारच्या पोरी सायकलींवर शिकवणीहून येत होत्या. हे त्यांच्याकडे बघत होते. मग एकदम मला म्हणाले, केतकी आता नववीत असती."